ट्रेडल, फ्लेक्स आणि नारळाचं पाणी

माझ्या सासऱ्यांनी मला पसंत केलं ते माझी बोटं बघून. मुलगी बघायला ही मंडळी आमच्या गावी आली, तेव्हा ओटीवर तांदूळ निवडायला पसरलेले होते. मामंजींनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि म्हणाले, "पोरी, जरा खडं येचून दाव बरं." आईला वाटलं, मुलगी कामाची आहे का ते बघताहेत. मी मान खाली घालून भराभर खडे वेचले आणि मामंजींनी तिथल्या तिथं होकार देऊन टाकला. लग्न होऊन जुन्नरला आले, अंगावरची हळद अजून पुरती गेली नव्हती, तोच त्यांनी मला घराच्या पुढच्या खोलीत नेऊन उभं केलं. समोर लाकडी मांडण्या, त्यांत लहान लहान खण, आणि खणाखणांत शिशाचे बारीक खिळे. "हे आता तुझं," मामंजी म्हणाले. मला सून म्हणून आणलं होतं की कंपोझिटर म्हणून, हे कोडं मला पुढं बरीच वर्षं सुटलं नाही.

आमचा छापखाना जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेतल्या गल्लीत. पुढे छापखाना, मागे घर, मध्ये एक पडदा. आता माझं वय झालं, तरी पडद्याच्या अलीकडे बसायचं की पलीकडे, हे अजून ठरत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी छपाईच्या मशीनांवर लिहा म्हणून सांगितलं. मशीनांचा इतिहास लिहिणारी विद्वान माणसं पुण्याला पुष्कळ असतील. मला माहीत आहेत ती आमच्या घरात आलेली मशीनं. तीही काही कमी नाहीत. माझ्या संसारात एवढी मशीनं आली, की सवतीची भीती वेगळी बाळगायची गरजच पडली नाही.

ज्यांनी छापखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी खिळ्यांचं सांगते. पूर्वी प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक उभा तुकडा असायचा, त्याच्या डोक्यावर ते अक्षर उलटं कोरलेलं. कंपोझिटरनं डाव्या हातात एक लहान पट्टी धरायची आणि उजव्या हातानं खणांतून खिळे उचलून त्या पट्टीवर ओळी रचायच्या. इंग्रजीवाल्यांचं थोडक्या अक्षरांत भागतं. आपल्याकडे काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरांचा तर गोतावळाच. कुठला खिळा कुठल्या खणात हे हाताला पाठ असावं लागतं, डोळ्यांनी शोधत बसलं तर एका लग्नपत्रिकेत लग्न उरकून जाईल. आमचे हे म्हणायचे, "हिला सैपाकघरात मिठाचा डबा सापडत न्हाई, पन क्ष कुठं हाय ते झोपेत सांगंल." हे खरं होतं. उलटं वाचायची सवय तर इतकी लागली, की बँकेत साहेबांसमोर बसलं की त्यांच्या पुढ्यातला कागद मी माझ्या बाजूनं आरामात वाचते. साहेबांना वाटतं, बाई नम्रपणे खाली बघते आहे.

मामंजी पुण्याला एका छापखान्यात शिकले होते. त्यांच्या उमेदवारीच्या काळात तिथं दांड्याचं मशीन होतं. खिळ्यांवर शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि सगळं अंग टाकून दांडा ओढायचा, की एक कागद छापून होणार. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला भरलेला होता, त्यामुळे शिंपी दर वेळी वैतागायचा. त्याही आधी म्हणे दगडावर लिहून छापायचे. ते त्यांनीही पाहिलेलं नव्हतं, पण सांगायचे मात्र स्वतः दगड उचलल्यासारखं.

आमच्याकडे होतं ते ट्रेडल. पायानं चालवायचं लोखंडी मशीन. एका अंगाला खिळ्यांची चौकट घट्ट आवळून उभी बसवायची, दुसऱ्या अंगाला कागदाची फळी. खाली पायटा मारला की मोठं चाक फिरतं, वरच्या गोल थाळीवरची शाई घेऊन रूळ खिळ्यांवरून उतरतात, आणि दोन्ही अंगं जबड्यासारखी मिटतात. मिटली की छापलं, उघडली की कागद काढायचा. उजव्या हातानं कोरा कागद घालायचा, डाव्या हातानं छापलेला काढायचा, आणि जबडा मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. मशीनमनची हुशारी विचारायची नसते, त्याची बोटं मोजायची असतात. ह्यांची सगळी शाबूत आहेत. एवढंच त्यांचं सर्टिफिकेट, आणि ते दाखवायला त्यांना कधी संकोच वाटला नाही. पाहुणे आले की हे चहाचा कप उगाचच सगळी बोटं पसरून धरायचे.

ट्रेडलचे रूळ तेव्हा जनावरांच्या हाडाकातड्याचा सरस आणि गूळ एकत्र शिजवून ओतायचे. हे ते काम घरीच करायचे. त्या दिवशी गल्लीत गुऱ्हाळाचा आणि मेलेल्या जनावराचा असा मिश्र वास सुटायचा आणि शेजारी दारं लावून घ्यायचे. उन्हाळ्यात रूळ मऊ पडत, म्हणून दुपारी त्यांना ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचं. पोरांना ताप आला तर मी उठायची, रुळांना ताप आला तर हे उठायचे. एकदा ऐन गणपतीत उंदरांनी रूळ कुरतडला, गूळच तो. मी औषध घाला म्हटलं, तर म्हणाले, गणपतीच्या दिवसांत उंदराला मारायचं असतं का? आरतीच्या पुस्तिका त्या साली जरा फिक्या निघाल्या. भक्तांनी काही तक्रार केली नाही.

गिऱ्हाईक म्हणाल तर तीन तऱ्हेचं. मंचरचे कांदा-बटाट्याचे व्यापारी पावतीपुस्तकं छापून न्यायचे. लग्नवाले यायचे, त्यांचा मजकूर लहान आणि नावं मोठी. कुणाच्या आत्याच्या दिराचं नाव वर की खाली यावर आमच्या ओट्यावर दोन घरांची सोयरीक मोडता मोडता राहिलेली मी पाहिली आहे. आणि तिसरे जत्रावाले, माझे लाडके. चैत्र लागला की गावोगावचे पंच यायचे. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या पातळ कागदावर पालखी, कुस्त्या, बैलगाडे, तमाशा, सगळं एका शाईत. चित्रं छापायला जस्ताचे ठसे असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. आमच्याकडे पैलवानाचा एकच ब्लॉक होता, मिशीवाला, मांडीवर थाप मारताना. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कितीतरी गावांच्या कुस्त्या त्या एकट्यानं लढवल्या. प्रत्येक गावाला वाटायचं, हा आपलाच कुणीतरी आहे.

त्या पैलवानापायीच धोंडूभाऊ आमच्याकडे यायचे. तळेघरच्या बाजूला डोंगरात त्यांची वाडी. भात आणि नाचणी पिकवणारा माणूस, जत्रेचा कारभार त्यांच्याकडे. डोंगर उतरून चालत यायचं, मग दोन एसट्या बदलायच्या, की जुन्नर. मंचरला छापखाने होते, पण तिथले पैलवान धोंडूभाऊंना पसंत नव्हते. आले की पहिल्यांदा माझ्यापुढे नाचणीची पिशवी ठेवायची, मग मशीनसमोर उकिडवं बसायचं आणि शेवटचा कागद निघेपर्यंत हलायचं नाही. ह्यांचं आणि त्यांचं फारसं बोलणंही व्हायचं नाही. एक पायटा मारायचा, दुसरा बघायचा. कधीतरी धोंडूभाऊ म्हणायचे, "लई गुनाचं जनावर हाय राव." हे मान डोलवायचे, जणू मुलाचं कौतुक चाललंय.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी नांगर-कोयते पुजतो, सुतार करवत पुजतो, आम्ही मशीन. त्या दिवशी हत्यारानं विसावा घ्यायचा असतो. हे आदल्या दिवशीच ट्रेडल रॉकेलनं धुऊन, पुसून, तेल देऊन लखलखीत करायचे. सकाळी अंघोळ करून चाकाला हळदीकुंकू, चौकटीला हळदीकुंकू, झेंडूचा हार, आणि नारळ फोडून त्याचं पाणी चाकावर अगदी सढळ हातानं. "दिवसभर त्याच्या डोक्यावर शाई ओततो, एक दिस गोड पानी नको व्हय?" असं ह्यांचं म्हणणं. ट्रेडलला त्याचं काही नव्हतं. पोलादाचा धोंडा तो. दुसऱ्या दिवशी पुसून तेल दिलं की पुन्हा कामाला तयार. माझ्या खिळ्यांच्या खणांवरही ते फूल ठेवायचे, आणि मग माझ्या बोटांवर हळदीचा एक टिपका. लग्नानंतर कौतुक म्हणून ह्यांनी एवढंच केलं, पण दर वर्षी न चुकता केलं.

मग काळ बदलला, म्हणजे मशीनं बदलली. ट्रेडलला मोटार बसली आणि पायटा सुटला. ह्यांचा पाय मात्र पुढं कितीतरी दिवस जेवताना पाटाखाली आपोआप हलायचा. नंतर ऑफसेट आलं. त्यात खिळे नसतात, एक गुळगुळीत पत्रा असतो. पत्र्यावर जिथं पाणी धरतं तिथं शाई बसत नाही, जिथं पाणी धरत नाही तिथंच बसते, आणि त्यातून छाप उठतो. ह्यांना ते पटायला वेळ लागला. पाणी आणि शाई एका जागी म्हणजे त्यांच्या मते छापखाना नव्हे, मोरी. पण शिकले. कंप्युटर आला आणि माझे खिळे संपले. भंगारवाल्यानं ते पोत्यात भरले तेव्हा मी पडद्यामागे गेले. सगळी अक्षरं एका पोत्यात एकत्र झालेली मला बघवली नाहीत. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. मग आमच्या संदीपनं, म्हणजे आमच्या मुलानं, मला कंप्युटरवर बसवलं. अक्षरं सरळ दिसायला लागली, आणि मला सरळ वाचताना चुका व्हायला लागल्या.

ट्रेडल मात्र राहिलं. का, तर पावतीवर नंबर टाकणं आणि पावती फाडता यावी म्हणून टिंबांची रेघ मारणं, ही कामं आमच्याकडे ऑफसेटला जमत नव्हती. म्हणून ऑफसेटवर छापलेल्या पावत्या शेवटी ट्रेडलकडेच येत. हे म्हणायचे, "त्याची शाई सुटली, दात तेवढं राह्यलं." म्हातारपणी ह्यांचं आणि मशीनचं बरं जमलं होतं. दोघंही सकाळी थोडं काम करायचे आणि दुपारी विसावा घ्यायचे.

संदीपला जुन्नरच्या गल्लीत दम दिसत नव्हता. त्यानं मंचरला हायवेलगत गाळा घेतला आणि फ्लेक्सचं मशीन आणलं. आता फ्लेक्स म्हणजे काय ते सांगायला नको. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं चौकाचौकांत लटकलेलंच असतं. पण ते छापतं कसं, हे मलाही नवल वाटलं होतं. खिळा नाही, पत्रा नाही, काही दाबायचंच नाही. तळहाताएवढं एक हेड असतं, त्याला डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक भोकं. ते हेड पट्ट्यावरून इकडून तिकडे धावतं आणि शाईचे बारीक तुषार कापडावर सोडतं. सगळं मशीन म्हणजे त्या हेडची पालखी. बाकी कशाला काही झालं तर दुरुस्त होतं, हेड गेलं की घरात सुतक.

उद्घाटन गुढीपाडव्याला ठेवलं. पूजा कुणी करायची हा प्रश्नच नव्हता. अण्णांनी, म्हणजे ह्यांनी. घरात सगळे ह्यांना अण्णा म्हणतात. पंधरवडाभर ह्यांचं तेच चाललं होतं. धोतर इस्त्रीला दिलं, नारळ हलवून हलवून निवडला. मला म्हणाले, वडिलांनी मला ट्रेडल दिलं तेव्हा त्यांनीच पहिली पूजा केली होती. आपला धंदा पोराच्या हातात देतोय, असं त्यांच्या मनात होतं. बोलले नाहीत, पण आमच्या संसारात एवढं तर मला उलटं वाचता येतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून संदीपनं धोंडूभाऊंना बोलावलं होतं. त्यांच्या जत्रेचा मोठा बोर्ड आधी छापायचा, असं ठरलेलं. संदीपनं आदल्या दिवशी सांगितलं होतं की हार बाहेरून घालायचा, कुंकू झाकणाला लावायचं. हे हो म्हणाले. संदीप पाहुण्यांना चहा द्यायला बाहेर गेला, मी निरांजनात वाती घालत होते. ह्यांनी झाकणाला कुंकू लावलं आणि थांबले. धोंडूभाऊंना म्हणाले, "हे तर कापडाला लावल्यासारखं झालं. जे काम करतं त्याच्या अंगाला लागाया पायजे." धोंडूभाऊंना ते लगेच पटलं. त्यांनी झाकण उचलून धरलं. ह्यांनी बरोबर हेडच शोधून काढलं, मशीनचा माणूस तो, कोण काम करतं हे त्यांना कळणारच. भोकं खालच्या बाजूला होती, तिथं बोट घालून हळदीकुंकू नीट लावलं. मग नारळ फोडला आणि पाणी, नेहमीच्या सवयीनं, सढळ हातानं.

संदीप आत आला तेव्हा झाकण बंद होतं आणि ह्यांचे हात जोडलेले होते. सगळे गोळा झाले. त्यानं बटण दाबलं. हेड पट्ट्यावरून एक फेरी गेलं, परत आलं, मधेच चरचर असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि सगळं बंद पडलं. धोंडूभाऊंनीच धीर दिला, "नवं जनावर हाय. बिचाकलं असंल."

संदीपनं झाकण उघडलं, हळद पाहिली, आणि झाकण बंद केलं. चार लोकांत बापाला तो एक शब्द बोलला नाही. बोर्डाची फाईल त्यानं शेजारच्या दुसऱ्या फ्लेक्सवाल्याकडे पाठवून दिली, आणि पाहुण्यांची जेवणं होईपर्यंत बोर्ड छापून आलाही. जत्रा कुणाची अडली नाही. ह्यांना तेच जास्त लागलं. काम अडलं असतं तर हे रात्रंदिवस राबून ते करायला धावले असते. इथं करण्यासारखं काहीच नव्हतं. नव्या धंद्याचं हेच मला कळत नाही, एक मशीन मेलं तरी कुणाला पत्ता लागत नाही.

पुण्याहून इंजिनिअर आला तेव्हा हे आणि मी गाळ्यातच होतो. त्यानं हेड काढलं, वास घेतला आणि विचारलं, यात काय ओतलंय? हे पुढे झाले आणि म्हणाले, "मी वतलं. नारळाचं पानी." इंजिनिअर चांगला मुलगा होता, पण त्याला हसू आवरलं नाही. हेड जळलंय, नवं बसवावं लागेल, असं म्हणाला, आणि बॅगेतून एक स्टिकर काढून संदीपच्या हातात दिला. मशीनजवळ पूजा-पाणी करू नये, असं छापलेलं. म्हणजे असं करणारे आम्ही काही पहिले नव्हतो, त्यासाठी कंपनीनं स्टिकरच छापून ठेवला होता. हे ऐकून मला बरं वाटलं. ह्यांना वाटलं नाही. संदीपनं तो स्टिकर झाकणावर चिकटवला, अंगठ्यानं कोपरे दाबले, आणि हे ते बघत उभे राहिले. मग चपला घालून सरळ स्टँडवर गेले आणि जुन्नरच्या एसटीत बसले. मला मागची एसटी धरावी लागली.

त्या दिवसापासून ह्यांनी मंचरचं नाव टाकलं. तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण ह्यांनी ट्रेडललाही हात लावणं सोडलं. पावत्यांचे गठ्ठे येऊन पडले, मी सांगितलं, हे पेपर वाचत बसले. शेवटी मी जरा जोरात बोलले तेव्हा म्हणाले, "माझा हात लागला की बंद पडतं. आता ह्ये बी पाडायचं का बंद?" मी कामं दुसरीकडे पाठवून दिली. पावसाळा गेला. ट्रेडलच्या चाकावर तांबूस गंज धरला. ज्या माणसाच्या आवाजानं माझी सकाळ सुरू व्हायची, तो ओट्यावर बसून रस्त्यावरच्या मोटारसायकली मोजत होता. मला त्यांची फार काळजी वाटायला लागली. हाताला काम नसलेला मशीनमन मी मामंजींच्या शेवटच्या दिवसांत पाहिला होता, त्या वाटेनं ह्यांना जाताना मला बघायचं नव्हतं.

संदीप रविवारी यायचा. दोघं पावसावर बोलायचे, कांद्यावर बोलायचे. मशीनचं नाव कुणी काढायचं नाही. एकदा मी संदीपला पडद्यामागे बोलावून म्हटलं, बापाला एकदा गाळ्यावर ने की. तो म्हणाला, "नेतो गं. पन तिथं येऊन काय करतील अण्णा? स्टिकर वाचतील?" स्टिकर काढून टाक म्हटलं, तर म्हणाला, काढला तर अण्णांना वाटेल की त्यांच्यावर दया करतोय. बापाचाच पोरगा.

खंडेनवमी आली. आदल्या दिवशी मी रॉकेल आणि फडकी पुढ्यात ठेवली. ह्यांनी पेपर वर धरला. मग मीच पदर खोचला आणि चाक पुसायला घेतलं. माझी जन्माची सवय खिळ्यांची, मशीनची नव्हे. थोडा वेळ गेला, पेपरामागून आवाज आला, "तिकडनं न्हाई. आदी दांडा." मी दांडा पुसला. "त्येल त्या भोकात. त्या न्हाई गं, वरच्या." अशा तऱ्हेनं खुर्चीत बसून, एक बोटही न लावता, ह्यांनी अख्खं ट्रेडल माझ्याकडून धुऊन घेतलं. मला दम लागला, पण मी मनातून खूष होते. म्हटलं, उद्या उठतील.

सकाळी ताट तयार केलं. हे अंघोळ करून आले आणि ओट्यावर जाऊन बसले. "तूच कर पूजा," म्हणाले. मी म्हटलं, मला नाही येत. म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे या वर्षी." त्यांनी हे अगदी साध्या आवाजात म्हटलं. मी ताट घेऊन तशीच उभी राहिले.

तेवढ्यात संदीपची मोटारसायकल आली. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो सरळ आत गेला, ट्रेडलपुढे पाट मांडला आणि त्यावर ते उघडून ठेवलं. पाडव्याला जळलेलं हेड. त्यानं ते टाकून दिलं नव्हतं. भोकांजवळ हळद अजून पिवळी होती.

"अण्णा, आत या," तो म्हणाला.

हे उठून दारापर्यंत आले. पाटावर बघितलं. "मेलेलं हाय ते. त्याला कशाला हितं?"

"माझ्या मशीनचं हाय. तिथं आत हात घालता येत न्हाई, त्याला काय इलाज न्हाई. हितं घाला. हळद लावा, पानी घाला, पायजे तेवढं." मग म्हणाला, "मशीन आज बंद ठेवलंय. दसऱ्याचे सगळे बोर्ड शेजाऱ्याकडं दिले. तुमची पूजा झाल्याबिगर मी चालू करनार न्हाई."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फ्लेक्सचं मशीन बंद ठेवणं म्हणजे काय, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. हे मोरीवर गेले, हात धुऊन आले आणि माझ्या हातातून ताट घेतलं. आधी ट्रेडलच्या चाकाला लावलं, चौकटीला लावलं. मग पाटापुढे मांडी घालून त्या हेडला हळदीकुंकू लावलं, अगदी हळू, त्याला दुखू नये अशा बेतानं. नारळ फोडला. पाण्याची वाटी हातात घेतली आणि हात हवेतच थांबला.

"घालू?" ह्यांनी विचारलं.

"घाला," संदीप म्हणाला.

ह्यांनी सगळी वाटी ओतली. पाणी पाटावरून ओघळून माझ्या पायाशी आलं आणि मला रडू आलं. लाज वाटून मी फूल ठेवायला खिळ्यांच्या रिकाम्या मांडणीकडे वळले.

हे अजून पाटाशीच होते. त्यांनी हेड उचलून उपरण्यानं पुसलं, दाराच्या उजेडात नेलं आणि एक डोळा मिटून त्या भोकांतून आरपार बघायचा प्रयत्न करायला लागले.

"एवढ्या बारीक भोकांतनं शाई येती व्हय रं?"

"येती की."

"उद्या दाव मला चालताना. म्या लांब उभा ऱ्हाऊन बघीन."

संदीपनं मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "लांबनं काय दिसत न्हाई, अण्णा," तो म्हणाला. "जवळच उभं ऱ्हावं लागतं."